एकोणिसातले उणे

बीड जिल्ह्यात पाटोद्याहून मांजरसुंब्याकडे निघालेल्या एसटीत खिडकीशी बसलेल्या मुलाला वाचायला फारसे काही नसते. एखादा ढाबा, पाऊसपाणी बरे झाले असेल तर दोन्ही अंगांना कापूस आणि तूर, पुढे बालाघाटाचे उघडे डोंगर. रस्त्याच्या कडेचे दगड मात्र आपला धडा न चुकता देत राहतात. मांजरसुंबा १२. थोड्या वेळाने मांजरसुंबा ११. मग १०. तिसऱ्या दगडानंतर पोरगे पुढचा आकडा दगड दिसायच्या आधीच ओरडून सांगते आणि दगड येऊन त्याचे म्हणणे खरे करतो. शाळेच्या पुस्तकात ज्याला वजाबाकीचा आकृतिबंध म्हणतात तो एवढाच असतो. एक सुरुवात, दर खेपेला तेवढेच कमी, आणि पुढचे न बघता सांगता येण्याची खात्री.

थोडे मोठे पोर मान मागे वळवते. दुपदरी रस्त्यावरच्या त्याच दगडाच्या दुसऱ्या बाजूला मागच्या गावाचे अंतर कोरलेले असते आणि ते एकेकाने वाढत असते. पुढचा आकडा एकने उतरला की मागचा एकने चढतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज प्रत्येक दगडावर तीच येते, दोन गावांमधल्या अंतराएवढी. उतरत्या क्रमाच्या पाठीला असा एक चढता क्रम चिकटलेलाच असतो. शिक्षकाने वर्गात हे फळ्यावर मांडले तर दोन तासिका जातात. एसटीत ते फुकट मिळते, अट एवढीच की खिडकीची जागा मिळायला हवी.

पुस्तकातला प्रश्न याहून कोरडा असतो. ‘क्रम ओळखा आणि पूर्ण करा: ५०, ४५, ४०, ___, ___.’ दुसरी-तिसरीचे मूल ३५, ३० लिहिते, शिक्षक बरोबरची खूण करतात आणि पान उलटते. पहिली-दुसरीत उलट मोजणी, मग टप्प्याने मोजणी, मग आकृतिबंध, पुढे शिष्यवृत्ती आणि नवोदय परीक्षेच्या तयारीत ‘संख्यामालिका’ आणि दहावीत अंकगणिती श्रेढी. नाव बदलते, मालमसाला तोच. दहावीचे पुस्तक ज्याला ‘सामान्य फरक’ म्हणते, तो उतरत्या श्रेढीत ऋण असतो. म्हणजे पाटोद्याच्या रस्त्यावर तो उणे एक.

हा ‘उणे’ शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण मराठी मूल वजाबाकी शिकायच्या कितीतरी आधी ती बोलायला लागते. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी, त्यातूनच आपले उणे आले. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, या प्रत्येक शब्दात एक छोटी वजाबाकी दडलेली आहे आणि ही नावे ओळीने म्हटली तर दहादहाच्या टप्प्याचा क्रम तयार होतो. नव्याण्णव तेवढा या रांगेतून फुटतो. त्याला कोणी एकोणशंभर म्हणत नाही, तो नव्वदावरच्या नऊने मोजला जातो. लॅटिन बोलणारे रोमन लोकही एकोणिसाला ‘विसातून एक’ अशा अर्थाचा शब्द वापरत आणि त्यांच्या आकड्यांत नऊ लिहिताना दहाच्या आधी एक मांडण्याची रीत होती. पण त्यांची पोरे आता ती भाषा बोलत नाहीत. आपली बोलतात.

घड्याळही तसेच. ‘दहाला पाच कमी’ असे आजी सांगते तेव्हा ती वजाबाकीच करत असते. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, पावणेदोनशे म्हणजे १७५. बाजारातला माल पावणेतीन किलो भरला की भाजीवाली आणि गिऱ्हाईक दोघेही तिनातून पाव काढतात, कागद न वापरता. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे घोकून घेत. त्यातली पाऊणकी हा तर सरळ चौथा हिस्सा वजा करण्याचा सराव होता. ते पाढे गेले याचे दुःख करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांतल्या किती जणांना आज सतराची पाऊणकी येते, हे विचारायचे धाडस मात्र सहसा कोणी करत नाही. (पावणेतेरा.)

जून २०१९ मध्ये संख्यांच्या याच नावांवरून महाराष्ट्रात चांगला महिनाभर वाद रंगला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बत्तीसला ‘तीस दोन’ असे वाचण्याची पद्धत आली. आपल्याकडे एकक आधी बोलायचे आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी, यात लहान मुलांचा गोंधळ होतो, असे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते. कानडीत आणि तेलुगूत दशक आधी येते, इंग्रजीतही विसानंतर तसेच. विरोधकांनी विधानसभेपासून विनोदांपर्यंत सगळीकडे ‘वीस एक’ची टर उडवली. वादात भाषेचा अभिमान पुष्कळ आला, पण गणिताचा एक मुद्दा कडेलाच राहिला. ‘वीस नऊ’ म्हटले की एकोणतिसातले उणे गळून पडते. मुलाला २९ लिहायला सोपे जाते यात शंका नाही. पण ‘तिसाला एक कमी’ हे जे शब्दातच शिजवून ठेवलेले होते, ते आता वेगळे शिकवावे लागते. नारळीकरबाईंची बाजू जास्त बळकट होती, असे या लेखाचे मत आहे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत अडखळणारी पोरे ज्याने पाहिली आहेत, त्याला वेगळे वाटणार नाही. तरी सोय झाली तेव्हा काय सुटले, याची नोंद असावी.

‘वजाबाकी’ हा शब्दही घरचा नाही. ‘वजा’ आणि ‘बाकी’ दोन्ही अरबीतून फारसीमार्गे दप्तरात आले आणि दप्तरातून शाळेत. वजा म्हणजे काढून टाकलेले, बाकी म्हणजे उरलेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या बीडला या शब्दांची ओळख शाळेपेक्षा सारावसुलीतून जास्त झाली असणार. शब्दाची रचना मात्र पाहावी. त्यात काय काढले तेही आहे आणि काय उरले तेही. शाळेत सगळे लक्ष बाकीवर जाते, म्हणजे उत्तरावर. आकृतिबंधाची गंमत अशी की तिथे बाकी दर पावलाला बदलते आणि वजा तेवढेच राहते. ज्याने वजा ओळखले त्याला क्रम समजला.

म्हणूनच रिकाम्या जागा भरण्यापेक्षा क्रम स्वतः तयार करणे जास्त शिकवून जाते. तिसरीच्या वर्गात मुलांना सांगावे, प्रत्येकाने उतरता क्रम तयार करायचा आणि शेजारच्याला सोडवायला द्यायचा. लगेच तीन प्रश्न उभे राहतात. सुरुवात कुठून करायची? दर वेळी किती काढायचे? आणि थांबायचे कुठे? पहिले दोन प्रश्न मुले चटकन मिटवतात. तिसरा अडवतो. ५० पासून पाच-पाच काढत गेले तर क्रम नेमका शून्यावर टेकतो. ५० पासून सात-सात काढले तर ५०, ४३, ३६, २९, २२, १५, ८, १ आणि पुढे हात रिकामा. सात वेळा सात निघाले, एक उरला. इथे भागाकार न शिकवताच शिकवून झालेला असतो, बाकीसकट.  बीडची सीताफळे डझनाने विकणाऱ्यासमोर ६० फळांची पाटी असेल तर ६०, ४८, ३६, २४, १२ आणि पाटी मोकळी. ६५ असतील तर पाच फळे घरच्यांच्या वाट्याला.

सुरुवात कुठून करावी याचेही शहाणपण आहे. शंभरापासून नऊ-नऊ काढत जाणारा क्रम कोणत्याही वर्गात लिहून घ्यावा: १००, ९१, ८२, ७३, ६४, ५५, ४६, ३७, २८, १९, १०, १. १९ पर्यंत दशक उतरतो, एकक चढतो. मुलांच्या ध्यानात येते की नऊ काढणे म्हणजे दहा काढून एक परत देणे. पुन्हा तेच एकोण, या वेळी मात्र दहाच्या बाबतीत.

चुकाही इथे शिकवतात, आणि सुट्या उदाहरणांपेक्षा जास्त. ५२ मधून ७ काढताना पुष्कळ मुले दोन आणि सात यांतला मोठा वर धरतात, सातातून दोन काढून पाच लिहितात आणि उत्तर ५५ येते. सुटे उदाहरण असेल तर मूल ते लिहून मोकळे होते. पण क्रमात ५२ च्या पुढे ५५ बसला की त्याला स्वतःलाच खटकते. काढतोय आणि वाढतेय? बरोबर क्रम ५२, ४५, ३८, ३१, २४, १७, १०, ३ असा उतरत जातो. लाल पेन येण्याआधी क्रम स्वतःच चूक दाखवतो.

ही चूक होते ती दशकाच्या उंबरठ्यावर. ३८ वरून ३१ ला मूल धावत येते आणि २४ ला जाताना ठेचकाळते. जुने शिक्षक ‘शेजारच्याकडून एक उसना घे’ असे शिकवत. शब्द गोड आहे, पण खेड्यातल्या मुलाला तो बुचकळ्यात टाकतो, कारण उसने घेतलेले परत करायचे असते आणि वजाबाकीत ते कोणी परत करत नाही. खरे तर इथे उसनवारी नाहीच. दहाची नोट दुकानात मोडली की दहा सुटे रुपये हातात येतात, रक्कम तीच राहते. या गोष्टीला मराठीत फार नेमका शब्द आहे, मोड. ५२ मधल्या पाच दशकांपैकी एकाची मोड घेतली की चार दशक आणि बारा सुटे होतात. बारांतून सात सहज जातात. ‘दशक सुटा करणे’ असे आताचे शिक्षक म्हणतात ते हेच. काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला की पोरांना एका खेपेत पटते, आणि शंभर मण्यांच्या गणितमाळेवर तर उंबरठा ओलांडताना मण्यांचा रंगच बदलतो.

आता थोडे खेळाकडे. ४० पासून तीन-तीन काढत गेले तर ४०, ३७, ३४, ३१, २८, २५, २२, १९, १६, १३, १०. नुसते एकक पाहावेत: ०, ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३ आणि पुन्हा ०. शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे अंक एकेकदा येऊन गेले, एकही सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. चार-चार काढले तर एकक फक्त पाचच येतात: ०, ६, २, ८, ४. पाच-पाच काढले तर दोनच. अंगणात दहा ठिपके गोलात घालावेत, त्यांना शून्य ते नऊ नावे द्यावीत आणि एककांच्या क्रमाने रेघा ओढाव्यात. तीनच्या टप्प्याची दहा टोकांची चांदणी होते, चारच्या टप्प्याची पाच टोकांची. सातच्या टप्प्याने काढले तर तीनचीच चांदणी उलट दिशेने उमटते. ठिपक्यांच्या रांगोळीत ज्यांचा हात बसला आहे त्या मुली हे गणित वर्गातल्या हुशार पोरांच्या आधी ओळखतात.

अशाच खेळात देवळालीच्या एका शाळामास्तरांचे नाव जगभर गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. शिकले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि नाशिकजवळच्या देवळालीत मुलांना शिकवत निवृत्त झाले. त्यांच्या सुप्रसिद्ध शोधाला वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. चार अंकी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लावून लहान, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच. मराठवाडा मुक्त झाला ते १९४८ हे साल घेऊ. ९८४१ वजा १४८९ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४, आणि गाडी तिथेच अडकते. जास्तीत जास्त सात खेपांत कोणतीही संख्या ६१७४ ला येऊन थांबते. तीन अंकी संख्या ४९५ ला. कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडले. पुष्कळ काळ देशी गणितज्ञांनी त्याकडे करमणूक म्हणून पाहिले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा कुठे नाव झाले. बीडच्या किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या चौथीच्या वर्गात हा खेळ द्यावा. वजाबाकीची वीस उदाहरणे सोडवा म्हटले तर कुरकुर करणारी पोरे यात तीस सोडवतात आणि ६१७४ आल्यावर ओरडतात.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘६४, ३२, ___’ असे लिहून पुढचा आकडा विचारणाऱ्या प्रश्नपत्रिका सापडतात. दर वेळी ३२ काढायचे ठरवले तर उत्तर शून्य, दर वेळी निम्मे करायचे ठरवले तर १६. दोन्ही बरोबर. दोन आकड्यांवरून क्रम ठरत नाही, आणि तीन दिले तरी खात्री नसते. १००, ९९, ९७ नंतर काय? एक, मग दोन, मग तीन असे काढत गेले तर ९४, ९०, ८५, ७९. पण एक, दोन, एक, दोन असेही कोणी काढत असेल, तर ९६. त्या मुलाला चूक ठरवण्याआधी त्याचे ‘वजा’ विचारावे.

बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांत उतरता क्रम पुस्तकाबाहेर वहीत मांडलेला असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. निघण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. आकडे प्रत्यक्षात याहून बरेच मोठे असतात, पण सोपे जावे म्हणून समजा, एका कोयत्याची उचल ६०,००० रुपये आहे आणि दर पंधरवड्याला तोडणीतून ५,००० वळते होतात. ६०, ५५, ५०, ४५, ४० हजार… बारा पंधरवड्यांत क्रम शून्यावर यायला हवा. पण हंगाम बारा पंधरवडे चालतोच असे नाही. गाळप पाच महिन्यांत आटोपले तर दहाव्या पंधरवड्याला वहीत १०,००० उरतात आणि ते पुढच्या वर्षीच्या उचलीत चढतात. मध्ये पोर आजारी पडले, तीन हजार आणखी घेतले, की क्रम असा दिसतो: ६०, ५५, ५०, ४५, ४८, ४३, ३८… तिसरीचे मूल बोट ठेवून सांगेल की इथे क्रम मोडला. का मोडला, हे त्याला शिक्षकांपेक्षा जास्त ठाऊक असते.

तेच मूल शाळेत कधी असते हा वेगळा प्रश्न. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर फडावर गेलेले पोर मार्च-एप्रिलमध्ये परत येते. म्हणजे शाळेचे वर्ष धरले तर त्याचा मधला गाभा जातो. पुस्तकाच्या पुढच्या अंगाला बेरीज असते, ती होऊन जाते, आणि दशक सुटा करून करायची वजाबाकी येते तेव्हा ते कोपीपाशी, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, बसून धाकट्या भावंडाला सांभाळत असते किंवा मोळ्या मोजत असते. हे टाळायला गावोगाव हंगामी वसतिगृहे चालतात. मूल आजी-आजोबांकडे किंवा गावातच राहते, जेवण शाळेत मिळते आणि नाव हजेरीपटावरून उतरत नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचेही प्रयोग झाले. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. या सोयी जिथे वेळेवर सुरू होतात तिथे फरक दिसतो. जिथे वसतिगृह दिवाळीनंतर महिन्याने उघडते, तिथे टोळी आधीच निघून गेलेली असते आणि पोर तिच्यात असते.

वजाबाकी हीच मोजपट्टी धरणारे एक सर्वेक्षण देशात २००५ पासून होत आले आहे. ‘प्रथम’ ही मुंबईत सुरू झालेली संस्था, तिचे ‘असर’. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली तीस गावे निवडायची, घरोघर जायचे आणि मुलांना चार पायऱ्यांची गणित चाचणी द्यायची: एक अंकी संख्या ओळख, दोन अंकी संख्या ओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. बेरीज आणि गुणाकार चाचणीत नाहीतच, कारण वजाबाकी आली की बेरीज आली हे गृहीत असते. देशभरात तिसरीतल्या मुलांपैकी किमान ही वजाबाकी येणारी मुले २०२२ मध्ये २५.९ टक्के होती, २०२४ मध्ये ३३.७ टक्के. म्हणजे सुधारणा होऊनही तिघांतल्या दोघांना ती येत नाही.

मग ही पोरे बाजारात काय करतात? २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुले गिऱ्हाइकाचा हिशोब आणि परत द्यायचे पैसे तोंडी बिनचूक सांगत होती. तेच गणित शाळेच्या धाटणीने कागदावर दिले की अडत होती. आणि शाळेत शिकणारी, बाजारात न बसणारी मुले नेमकी उलट. आठवडी बाजारात उभे राहिले की यातला पहिला भाग डोळ्यांनी दिसतो. ३७ रुपयांची भाजी घेऊन पन्नासाची नोट दिली तर विकणारी पन्नासातून ३७ वजा करत नाही. ती ‘सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस’ म्हणत तीन रुपये ठेवते आणि वर दहाची नोट. तिने वजाबाकी चढत्या क्रमाने केली. शाळेने हे दहा मिनिटे फळ्यावर मांडून दाखवले तर दोन वेगळी वाटणारी गणिते एकच आहेत हे पोरांना कळेल.

उचलीच्या वहीत दिसलेले कर्ज आणि वजाबाकी यांचे नाते भारतीय गणितात फार जुने आहे. शून्याच्या खाली गेलेल्या संख्येला आपण ऋण म्हणतो, म्हणजे देणे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज अशी भाषा वापरून त्यांचे नियम सांगितले. भास्कराचार्यांनी ते पुढे नेले आणि भास्कराचार्यांवर बीडकरांचा हक्काचा दावा आहे. जन्म १११४ चा, ‘सिद्धान्तशिरोमणि’ वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये. सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेले आपले गाव त्यांनी विज्जलविड असे सांगितले. हे विज्जलविड म्हणजे बीड, असे काही अभ्यासक मानतात. दुसरे विजापूरकडे बोट दाखवतात, तर तिसरे जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणकडे. पाटणला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. पुराव्याचे वजन पाटणकडे झुकते, हे बीडकरांनी मान्य करायला हरकत नाही. त्यांच्याकडे कवी मुकुंदराजाचे अंबाजोगाई आहेच.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त वजाबाकीला व्यवकलित म्हटले आहे आणि श्रेढींचे वेगळे प्रकरण आहे. पहिले पद म्हणजे आदि, दर खेपेची वाढ म्हणजे चय, पदांची संख्या म्हणजे गच्छ. मघाच्या तिसरीच्या वर्गातले तीन प्रश्न ते हेच. ‘बीजगणिता’त भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब देतात. आज आपण आडवी रेघ देतो, ते टिंब द्यायचे. आणि अशा संख्येसाठी त्यांनी वापरलेला शब्द आहे ऊनगत. एकोणिसात लपलेले ऊन इथे शून्याखाली उतरलेले दिसते.

तिसरीच्या पुस्तकातले क्रम शून्याखाली जात नाहीत. २०, १५, १०, ५, ० आणि पुढे काही नाही. पूर्णांक सहावीत येतात, तोवर शून्य म्हणजे तळ. पण मे महिन्यात मराठवाड्यातल्या कोणत्याही घरी आलेल्या वर्तमानपत्रात धरणांच्या साठ्याचा तक्ता असतो आणि त्यात शून्याच्या खालचे आकडे सरळ छापलेले असतात. धरणाची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात. दरवाज्यातून नेहमीसारखे पाणी सोडता येते त्या पातळीला शून्य धरतात. त्याखाली जे उरते तो मृतसाठा. तो उपसायला लागला की टक्केवारी उणे होते. सोलापूर जिल्ह्यातले उजनी धरण २०२४ च्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली गेले होते. केज तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात इतके आटले की त्याच्यावर तहान भागवणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर.

अशा घरातल्या तिसरीच्या मुलाला २०, १५, १०, ५, ० पुढची रिकामी जागा दिली, तर तो काय लिहील? शिक्षकाने ‘संपले’ अशी अपेक्षा ठेवलेली असते. पोरगे आजोबांनी मोठ्याने वाचलेला तक्ता आठवते आणि उणे पाच म्हणते, कधी ‘पाच टक्के मृत’ म्हणते. मग पुढचे विचारावे. उणे दहा, उणे पंधरा, असे ते सांगत जाते. दर पंधरवड्याला पाच काढायचे असतील तर शून्याने थांबावे असे काही कारण त्याला दिसत नाही. जुलैमध्ये बिंदुसरेला पूर आला, सिंदफणेतून माजलगावच्या धरणात पाणी यायला लागले, की तक्त्यातले आकडे एका सकाळी वर सरकलेले दिसतात. उणे आठ, उणे तीन, दोन, सात.